गवंड्याच्या बायकोचा दगड

तिने मिटलेली छत्री उचलून बुजवलेल्या कमानीकडे रोखली आणि बोलता बोलता गप्प झाली.

एवढंच केलं तिने. पण तिच्याबरोबर सगळा घोळका गप्प झाला. फोटो काढणाऱ्याने हात खाली घेतले, मघापासून कुरकुरणारं एक पोर आईच्या कमरेला चिकटून ऐकायला लागलं. घोळक्याच्या शेपटाला, लोकांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत तिचा नवरा उभा होता. तिचं हे मध्येच गप्प होणं त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याच्या मते ते निव्वळ नाटक होतं.

“इथे पूर्वी दार होतं,” ती म्हणाली. “हे देवालय बांधत होते तेव्हा दगड याच दारातून आत जायचा. बायकांना आत सोडत नसत. एका गवंड्याची बायको दुपारी त्याचं जेवण घेऊन यायची आणि इथे उभी राहायची. तो कामात रमलेला. जेवण गार व्हायचं, ती उभीच. पाय दुखले की या दगडाला टेकायची. या, चौकटीतल्या. पुढे देवालय पुरं झालं आणि वरून हुकूम आला, हे दार आता बंद करा. काम त्याच गवंड्याकडे आलं. त्याने दार बुजवलं, सगळ्या भिंतीला छिन्नी लावून ती एकसारखी केली. या एका दगडाला मात्र छिन्नी लावली नाही.”

पुन्हा गप्प. मग छत्री खाली.

एक वयस्कर बाई पुढे झाल्या. त्यांनी त्या खडबडीत दगडावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्यांच्यामागून आणखी दोघी गेल्या. नवऱ्याने मान वळवली, तेव्हा त्याला दगडाखालच्या फटीत काहीतरी दिसलं. तो वाकला. फूल होतं. ताजं, देठाला अजून ओल असलेलं.

तो कितीतरी वेळ त्या फुलाकडे बघत राहिला. घोळका पुढे निघून गेला तरी.

गावात त्याला रेडिओ म्हणत. गाईड होता तो, आणि आवाजच तसा होता. हे गाव असं की चार पावलं टाकली की कुणाचा ना कुणाचा देव आडवा येतो. इकडे साधूची समाधी, तिकडे वाकून जायचा दरवाजा, पलीकडे जमिनीखालचा झरा. यातल्या प्रत्येक जागी त्याचा आवाज त्याच्या आधी पोचलेला असायचा. मोठ्या देवालयाच्या पायरीवरून तो बोलू लागला की खाली झऱ्यावर पाणी भरणाऱ्यांनाही राजांची वंशावळ फुकटात ऐकायला मिळायची. मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, माणूस वाचवला, आवाज काही वाचला नाही. उरली ती नुसती घरघर, वाळूवरून चप्पल ओढल्यासारखी. “रेडिओचं बटण कुणीतरी पिळलं,” लोक म्हणायचे. आधी आधी तोही हसायचा.

बायकोला गाईडचा बिल्ला मिळवून द्यायची कल्पना त्याचीच. ती भांडी घासायची आणि तो ओट्याला टेकून सनावळ्या सांगायचा. ती नळ बंद करून म्हणायची, “परत सांगा हो, ऐकू नाही आलं.” तो परत सांगायचा. परीक्षेत ती पास झाली तेव्हा त्यानेच पेढे वाटावेत तसं सगळ्या गल्लीभर सांगितलं होतं. म्हणजे ज्यांना ऐकू गेलं त्यांना. एवढ्यावर थांबलं असतं तर तो सुखी माणूस असता. पण वर्ष सरता सरता पाहुणे हॉटेलातून निघतानाच विचारायला लागले, “त्या बाई मिळतील का?” आणि पिशव्या धरलेल्या माणसाकडे बोट दाखवून एकमेकांना सांगायला लागले, “हे गाईडबाईंचे मिस्टर.”

मिस्टर. आयुष्य या दगडांत घालवून शेवटी काय, तर मिस्टर.

घरी आल्यावर ती नळाखाली हात धूत असताना त्याने विचारलं, “ते गवंड्याचं कुठून काढलंस?”

“काय?”

“नळ बंद कर.” ती वळली तेव्हा त्याला प्रश्न पुन्हा विचारावा लागला, आणि दुसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नातला राग कसा निम्मा होतो ते त्याला पुन्हा एकदा कळलं.

“ते होय? असंच सुचलं,” ती म्हणाली. “लोकांना आवडतं.”

“लोकांना काय, हत्ती उडाला म्हटलं तरी आवडेल. ती कमान भूकंपानंतर बुजवली. भिंतीला आधार म्हणून. मी सांगितलं होतं तुला.”

“सांगितलं होतंत ना. पाठ आहे मला.”

“मग?”

“मग काय? आधार म्हणून बुजवली असं सांगितलं की लोक हं म्हणतात आणि पुढे चालायला लागतात.” तिने हात पुसले. “तुम्ही सांगायचात तेव्हा थांबायचे. तो तुमचा आवाज होता. माझ्याकडे कुठे आहे तसा आवाज?”

हे ती त्याला बरं वाटावं म्हणून बोलली की खरंच तसं समजत होती, याचा त्याला थांग लागेना. त्याने चहाचा कप ओट्यावर जरा आपटूनच ठेवला. आवाज गेल्यापासून आपटायला त्याच्याकडे भांडीच उरली होती.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच देवालयावर गेला. मोठ्या दाराशी म्हातारा रखवालदार स्टुलावर बसून ऊन खात होता. हा रखवालदार त्याला मिसरूड फुटल्यापासून ओळखत होता.

“काका, त्या कमानीतल्या दगडापाशी फूल कोण ठेवतं?”

“काय म्हणालास? जवळ ये बाबा, तुझं स्टेशन लागत नाही हल्ली.” म्हाताऱ्याने कान पुढे केला. “फूल? रोज कुणीतरी ठेवतंच. परवा एका कुटुंबाने मलाच विचारलं, गवंड्याच्या बायकोचा दगड कुठे आहे? मी म्हटलं, माझा इथे जन्म गेला, असला दगड मी ऐकला नाही. तर माझ्याकडे असे बघायला लागले की जसा मीच कालचा आलोय.”

“मग?”

“मग काय, आता मुकाट्याने दाखवतो.”

“तुम्ही दाखवता? अहो, थाप आहे ती. तिने रचलेली.”

“असेल.” रखवालदाराने पाय लांब केले. “पण अगदीच हवेतली म्हणता येत नाही. तुझी बायको तिथे काय थोडी उभी राहिली? तू आत बोंबलत असायचास आणि ती तुझा डबा घेऊन त्या कमानीच्या सावलीत. एकदा तर बघतो तो उभ्या उभ्या डुलकी लागलेली, त्याच दगडाला टेकून. म्हटलं, पडते की काय ही.”

डबा त्याला आठवत होता. डब्यात काय असायचं, तेही आठवत होतं. ती कुठे उभी असायची हे मात्र त्याला काही केल्या आठवेना. तो बाहेर यायचा, ती समोर असायची, तो डबा घ्यायचा. मधलं काही त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

परतताना त्याला लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण समाधीच्या वळणावर येईपर्यंत ती विरून गेली आणि जागी दुसरंच काहीतरी पेटलं. म्हणजे गवंडी तो होता तर. रोज, परक्या माणसांसमोर, ती त्याला उभा करत होती. आणि सगळ्या गोष्टीत त्या गवंड्याला एक वाक्य नव्हतं. बायको उभी राहते, बायको टेकते, बायकोसाठी लोक डोळे पुसतात. गवंडी मुका. आणि फूल कुणाला? त्याने या गावातली प्रत्येक पायरी लोकांना सांगितली होती, पण त्याच्या सांगण्याने कुठे एक खडा पूज्य झाला नव्हता. हिने वर्षभरात देवांच्या गर्दीत स्वतःची जागा केली.

त्याने वाट बदलली आणि तो वारसा खात्याच्या कचेरीत गेला.

तिथले साहेब नवे होते, तरुण, मानेवर नीट कापलेले केस. टेबलापलीकडून त्यांना एक अक्षर ऐकू येईना. “जरा मोठ्याने,” ते म्हणाले. मग, “बसा, पाणी घ्या. मोठ्याने बोला.” पहिल्यांदा त्याने ‘माझी बायको’ म्हटलं होतं. साहेबांना ते ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा सांगताना त्याने ‘एक गाईड’ म्हटलं.

“खोटा इतिहास सांगतात? कुठे? बुजवलेल्या कमानीपाशी?” साहेब एकदम ताठ झाले. “तरीच! तो दगड काळा पडत चाललाय. मला कळेना, लोक तिथे हात का लावतात. अहो, इतकी वर्षं टिकलेला दगड हातांच्या घामाने जाईल. येतोच मी, स्वतः ऐकतो. खरं निघालं तर बिल्ला काढून घ्यायलाही कमी करणार नाही.”

“बिल्ला,” तो पुटपुटला.

“काय म्हणालात?”

“काही नाही.”

बाहेर आल्यावर त्याला पोट भरल्यासारखं वाटलं. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ते पोट जड झालं. घरी ती कोमट पाण्यात मीठ घालून वाट बघत होती.

“किती उशीर. गुळण्या करा आधी.” त्याचं नुसतं ‘हं’ ऐकून तिने चमकून पाहिलं. “घसा आज जास्तच बसलाय. एवढं कुणाशी बोलत होतात?”

“कुणाशी नाही.”

तिने पेला त्याच्या हातात दिला. त्याने गुळण्या केल्या. तेवढा वेळ तरी बोलावं लागत नाही, हे बरं होतं.

साहेब आले ते साध्या कपड्यांत, डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा. त्या दिवशी घोळका मोठा होता. वाकून जायच्या दरवाज्यापाशी त्याची आणि साहेबांची नजरानजर झाली. साहेबांनी ओळख दाखवली नाही, फक्त भुवई किंचित उडवली, कटात सामील माणसाने उडवावी तशी. तिला आत्ता बाजूला घेऊन एक वाक्य सांगता आलं असतं. आज ते कमानीचं राहू दे, एवढंच. झरा आला, झऱ्यावर ती लोकांना डोळे मिटून पाणी ऐकायला सांगत होती, तेव्हाही सांगता आलं असतं. पण डोळे मिटलेल्या त्या सगळ्या चेहऱ्यांवर जे काही होतं ते बघून त्याने बाटल्यांची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

कमानीपाशी छत्री वर झाली. गवंडी आला, बायको आली, जेवण गार झालं. छिन्नी न लावलेला दगड आला. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने, चांगल्या दांडग्या, हाताच्या पाठीने नाक पुसलं.

“बाई,” साहेबांनी टोपी काढली. “हे कुठल्या ग्रंथात आहे?”

“अं?”

“की एखादा शिलालेख? मी वारसा खात्यातून आलोय. आमच्याकडच्या नोंदीत ही कमान भूकंपानंतर बुजवलेली आहे. गवंडी नाही, त्याची बायको नाही. तुम्ही हे कशाच्या आधारावर सांगता?”

घोळक्यातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एका बाईंनी दगडावर ठेवलेला तळहात हळूच काढून घेतला आणि साडीला पुसला. दांडग्या माणसाचे कान लाल झाले, फसवलं गेल्यासारखे. आणि ती नुसती उभी. तिच्या हातातली छत्री कुठे ठेवावी हे तिला कळत नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी एक सन चुकला तेव्हा ती अशीच उभी राहिली होती, ओल्या हातांनी.

“तुम्ही तर यातले जुने,” साहेब त्याच्याकडे वळले. “काका, तुम्हीच सांगा यांना. असं काही आहे का?”

सगळे वळले. कित्येक दिवसांत एवढे डोळे त्याच्यावर आले नव्हते. तिचेही आले. त्यात विनवणी नव्हती. ती फक्त बघत होती, तो काय म्हणतो ते.

“आहे,” तो म्हणाला.

कुणालाच ऐकू गेलं नाही.

“काय म्हणतायत?”

“श्श. पुढे या, पुढे या. आवाज नाही त्यांना.”

लोक पुढे आले. आणखी पुढे. पिशव्या कुणाच्या तरी हातात गेल्या. तो कमानीच्या दगडाशी आणि त्याच्याभोवती माणसांचं कडं, इतकं जवळ की त्याला त्यांचे श्वास लागत होते. त्याच्या सुगीच्या दिवसांत लोक त्याच्यापासून दहा पावलं लांब उभे राहायचे. जवळ यायची गरजच नव्हती.

“लिहिलेलं कुठे नाही,” तो म्हणाला. “आमची आजी सांगायची. तिला तिच्या आजीने सांगितलं. ग्रंथ लिहिणारे राजाकडे जेवायचे, साहेब. ते गवंड्याच्या बायकोचं कशाला लिहितील?”

कुणीतरी हसलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

इथे थांबायचं होतं. काम झालं होतं. पण इतके चेहरे इतक्या जवळ होते, आणि घशातली ती घरघर, जिची त्याला रोज शिसारी यायची, ती ऐकायला माणसं श्वास रोखून उभी होती.

“तिला वाटायचं, तो कामात रमलाय,” तो सांगू लागला. “तसं नव्हतं. म्हणजे आधी तसंच होतं. पण दगडाची भुकटी वर्षानुवर्षं घशात जाते. त्याचा आवाज बसला. मग गेलाच. आतून तो तिला हाक मारायचा, आणि हाक बाहेर पोचायचीच नाही. तिला वाटायचं, हा हाकही मारत नाही. त्याला वाटायचं, ही ओ पण देत नाही. मधे एवढीशी भिंत. शेवटी तो काय करायला लागला, तर हातोडीने या दगडावर आतून ठोके द्यायला लागला. हळूच. ती टेकलेली असायची ना. तिच्या पाठीला कळायचं.”

दांडग्या माणसाने दगडाकडे पाहिलं आणि मग स्वतःच्याही नकळत पाठ ताठ केली. पुसलेला तळहात पुन्हा दगडाकडे निघाला. साहेबांनी कॅमेरा धरलेला हात खाली सोडला होता.

“आणि मग दार बुजवलं तेव्हा?” एका मुलीने विचारलं. “तेव्हा काय झालं त्यांचं? ती कुठे उभी राहायची मग?”

शेवट त्याच्या जिभेवर होता. आत्ताच, विचारताक्षणी आला होता, चांगला, अख्खा. त्याने श्वास घेतला आणि चेहऱ्यांच्या कड्यावरून मागे बघितलं.

ती शेपटाला उभी होती. दोन्ही खांद्यांवर लोकांच्या पिशव्या, छत्री काखेत. सुरुवातीला तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत असावेत. गोष्ट तिच्या हातून सुटून भलतीकडे गेली तेव्हा ते मिटले होते. आता ती हसत होती. हसणं ओठांपुरतंच होतं, डोळे त्या मुलीच्या पाठीवर खिळलेले. हा चेहरा तो ओळखत होता. वर्षभर रोज सकाळी दाढी करताना तो हाच चेहरा आरशात बघत आला होता.

त्याला बरं वाटलं. वाटलंच. ते बरं वाटणं अंगभर पसरू दिलं त्याने क्षणभर.

मग त्याने तो श्वास तसाच सोडून दिला.

“ते बाईंना विचारा,” तो म्हणाला. “शेवट आजीने मला नाही सांगितला. नातसुनेला सांगितला.”

सगळ्या पाठी एकदम वळल्या. साहेबही वळले, आणि वळता वळता त्यांनी आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. कचेरीत काय ऐकू आलं नव्हतं ते बहुधा त्यांना आत्ता ऐकू आलं. “दगडाला हात तेवढा लावू नका,” एवढंच त्या मुलीला म्हणाले, तेही हळू आवाजात.

ती नवऱ्याकडे बघत राहिली. त्याची आजी या गावात कधी पाऊलही न टाकता वारली, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने पिशव्या एकेक करून खाली ठेवल्या. छत्री काखेतून काढली, पण उचलली नाही.

“आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या,” ती म्हणाली आणि गप्प झाली.

घोळका तिच्याकडे सरकला. तो एकटा कमानीपाशी राहिला, मग कडेकडेने मागे जाऊन त्याने पिशव्या उचलल्या. छातीत ती ओळखीची जळजळ पुन्हा सुरू झाली होती. ती काही एका दुपारीत जाणारी नव्हती. ही आता काय सांगणार? त्याच्या जिभेवर होता त्याहून बरा शेवट असेल तर? त्याने दांडग्या माणसाच्या खांद्यावरून मान उंच केली, आणि तिचं गप्प राहणं अजून संपत नाही म्हणून टाचा उचलून उभा राहिला.